मांजराच्या पोटातलं वाळवंट

धडधाकट मांजराची शी त्याच्या शौचाच्या ट्रेमध्ये पडते तेव्हा आवाज होत नाही. बोटभर लांब, गडद तपकिरी, आणि इतपत ओलसर की ट्रेमध्ये पसरलेल्या लिटरचे दाणे तिला सगळीकडून चिकटतात. ज्या मांजराला खडा होतो त्याची तऱ्हा निराळी. ते ट्रेमध्ये जातं, उकरतं, पाठीची कमान करून कुंथतं, बाहेर येतं, पुन्हा आत जातं. अखेर एखादी लेंडी पडते, तीही प्लॅस्टिकवर टक् असा आवाज करून. तिला लिटरचा एक दाणा चिकटत नाही. हातमोजे घालून ती फोडली तर आत मांजराचेच केस एकमेकांत पिळलेले दिसतात, बाकी सगळा कोरडा चुरा. घरातली मंडळी या तपासणीला नाकं मुरडतात. मुरडू द्यावीत. मांजर आपलं दुखणं लपवण्यात पटाईत असतं. ट्रेला मात्र काही लपवता येत नाही.

त्या लेंडीतलं पाणी गेलं कुठे? मांजरानेच ते परत घेतलं. लहान आतड्यातून पुढे आलेला लगदा मोठ्या आतड्यात शिरतो तेव्हा चांगलाच पातळ असतो. मोठ्या आतड्याची भिंत त्यातले क्षार ओढून घेते, क्षारांमागोमाग पाणी जातं, आणि लगद्याचा मळ होतो. तो वेळेवर बाहेर पडला तर सगळं ठीक. नाही पडला तरी भिंतीचं काम चालूच राहतं, तिला ‘पुरे’ म्हणणारं कुणी नसतं. मळ जितका जास्त वेळ आत, तितकं त्यातलं पाणी कमी, आणि जितकं पाणी कमी, तितका तो सरकायला अवघड. मांजराच्या बद्धकोष्ठतेची सगळी कथा या एका वर्तुळात आहे. म्हणून अशा मांजराचं आतडं ‘बिघडलं’ असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बहुतेक वेळा ते आपलं काम नको इतकं चोख करत असतं, आणि हे काम त्याला वाळवंटाने शिकवलेलं आहे.

आपल्या घरातलं मांजर ज्या रानमांजरापासून आलं, त्याचं शास्त्रीय नाव फेलिस लिबिका. उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशिया, म्हणजे ऊन, वाळू, खुरटी झुडपं असा याचा मुलूख. २००७मध्ये संशोधकांनी सुमारे हजार मांजरांचे डीएनए ताडून पाहिले, तेव्हा जगभरच्या पाळीव मांजरांची मुळं पश्चिम आशियातल्या याच रानमांजरांपर्यंत पोचली. त्याच्या तीन वर्षं आधी सायप्रस बेटावर शिलुरोकांबोस इथे एक दफन सापडल्याचं जाहीर झालं होतं. सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा माणूस, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर निगुतीने पुरलेलं एक मांजर. सायप्रसवर मुळात मांजरं नव्हती, म्हणजे कुणीतरी ते होडीत घालून नेलं असणार. होडीत पिण्याचं पाणी मोजकंच असेल. त्या मांजराने त्यात फारसा वाटा मागितला नसेल असं मला वाटतं.

कारण रानात मांजर पाणवठा शोधत बसत नाही. त्याचा पाणवठा चार पायांवर पळत असतो. उंदराच्या शरीरात वजनाच्या जवळजवळ ७० टक्के पाणी असतं. दिवसाकाठी आठ-दहा उंदीर खाल्ले की जेवणाबरोबर पाण्याचीही सोय झाली. मिळालेलं पाणी जपण्यासाठी मूत्रपिंडं तयारच असतात. मांजराचं मूत्र माणसाच्या सर्वांत दाट मूत्राच्या दुपटीहूनही दाट होऊ शकतं. (मांजराने घरातल्या कोपऱ्यात केलेली शू दोन आठवडे का छळते, त्याचं एक कारण हेच.) १९५९मध्ये अमेरिकी शरीरशास्त्रज्ञांनी तर मांजरांना पिण्याचं पाणी न देता केवळ मासे किंवा मांस देऊन पाहिलं, आणि त्या ओल्या अन्नातल्या पाण्यावर त्यांचं भागलं. अशा प्राण्याला तहान जोरात लागण्याची गरजच कधी पडली नाही. पाणी कमी पडू लागलं तर कुत्रा धावत भांड्याकडे जातो. मांजर सावकाश विचार करतं.

विचार करून ते पाण्यापाशी आलं तरी पिण्याची पद्धत पाहा. कुत्रा जीभ डावासारखी वळवून पाण्यात खुपसतो आणि पाणी उडवत पितो. मांजर कसं पितं हे २०१०पर्यंत कुणी नीट मोजलंच नव्हतं. एमआयटीमधले रोमन स्टॉकर सकाळी आपल्या ‘कटा कटा’ नावाच्या मांजराला पाणी पिताना पाहत होते. त्या कुतूहलातून चार शास्त्रज्ञांनी वेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं आणि तो निबंध ‘सायन्स’मध्ये आला. मांजर जीभ पाण्यात बुडवतच नाही. जिभेचं टोक पृष्ठभागाला नुसतं टेकवतं आणि झटक्यात वर ओढतं. टोकाला चिकटून पाण्याचा एक बारीक खांब वर उठतो, आणि तो कोसळायच्या आत मांजर तोंड मिटून त्याचा वरचा तुकडा तोडून घेतं. हे सेकंदाला जवळपास चार वेळा. मिशा कोरड्या, हनुवटी कोरडी. देखणं आहे, पण एका खेपेला हाती लागतं ते दीड दशांश मिलिलिटरच्याही आत.

आता थोडा हिशेब करू. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण २०० मिली पाणी लागतं. त्याच्या वाडग्यात साठ ग्रॅम ड्राय फूड घातलं, तर त्यात पाणी असतं जेमतेम चार-सहा मिली. उरलेलं सगळं त्याने त्या जिभेच्या टोकाने उचलायचं म्हटलं तर चौदाशेच्या आसपास खेपा, म्हणजे रोज सहाएक मिनिटं सलग पिणं. मांजराला झोप सोडून कुठलीही गोष्ट सहा मिनिटं सलग करताना कुणी पाहिलं आहे? ड्राय फूड खाणारी मांजरं पाणी जास्त पितात हे खरं, पण ओलं अन्न खाणाऱ्या मांजराच्या पोटात एकूण जितकं पाणी जातं, तितकं सहसा भरून काढत नाहीत. पाऊचमधल्या किंवा डब्यातल्या वेट फूडमध्ये ७५ ते ८० टक्के पाणी असतं, म्हणजे उंदराच्या थोडं वरच. ड्राय फूड आणि वेट फूड यांच्यात ओल्या आणि सुक्या बोंबलाइतकं अंतर आहे. मासा तोच म्हणता येईल, पण एकाच्या अंगात पाण्याशिवाय फारसं काही नाही आणि दुसऱ्याच्या अंगात पाण्याचा मागमूस नाही. ड्राय फूड वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पुष्कळ मांजरं त्यावर उत्तम जगतात. पण ज्या मांजराला एकदा खडा झाला, त्याच्या बाबतीत पहिला संशय वाडग्यावरच घ्यावा.

शरीर पाणी राखतं कसं हे असं. आता आतडं हलतं कसं.

पोट न फाडता, जिवंत प्राण्यात अन्न कसं सरकतं हे ज्या प्रयोगांनी दाखवलं, त्यांतले गाजलेले प्रयोग मांजरांवरच झाले. १८९५च्या अखेरीस रॉन्टगेनने क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षीच्या डिसेंबरात हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असलेल्या वॉल्टर कॅनन नावाच्या विद्यार्थ्याने हे किरण प्राण्यांच्या पोटावर सोडायला सुरुवात केली. अन्नात तो बिस्मथचा क्षार मिसळायचा. बिस्मथ किरण अडवतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत चमकणाऱ्या पडद्यावर गिळलेल्या अन्नाची काळी सावली दिसते. कॅनन पडद्यावर पातळ कागद धरून ती सावली पेन्सिलीने गिरवून घ्यायचा. एक कागद, मग काही वेळाने दुसरा. या किरणांपासून जपायला हवं हे तेव्हा फारसं कुणाला ठाऊक नव्हतं, आणि त्याची किंमत पुढे त्याच्या त्वचेने मोजली. जठरावरचा त्याचा निबंध १८९८चा, आतड्यांवरचा १९०२चा. दोन्हींतला नायक मांजर.

१९०२च्या निबंधात मोठ्या आतड्याबद्दल जे आहे ते वाचताना मी थांबलो. आपली समजूत अशी असते की अन्ननलिका, जठर, आतडी म्हणजे एक एकेरी रस्ता: वरून आत, खालून बाहेर. कॅननला दिसलं की मांजराच्या मोठ्या आतड्याच्या पहिल्या भागात लाटा उलट्या जातात. मिनिटाला पाच-सहा लाटा, सगळ्या मागे, लहान आतड्याच्या दिशेने. काही मिनिटं हे चालतं, मग विश्रांती, मग पुन्हा. मागे ढकललेल्या लगद्याला परत लहान आतड्यात शिरता येत नाही, मध्ये झडप असते. त्यामुळे तो घुसळला जातो, भिंतीला पुन्हा पुन्हा घासला जातो आणि भिंत त्यातलं पाणी काढत राहते. पुरेसा घट्ट झाला की मग कुठे पुढच्या भागातल्या आकुंचनांच्या ताब्यात जातो, आणि ती त्याला सावकाश मलाशयाकडे नेतात. वाळवंटातून आलेल्या या प्राण्याने पाण्यासाठी चक्क रस्ता उलटा फिरवला आहे.

दुसरी गोष्ट कॅननला नको असताना दिसली. काही मांजरं पडद्यामागे बांधून ठेवलेली असताना चिडायची, धडपडायची. त्या क्षणी जठराची हालचाल बंद. मांजर कुरवाळून शांत केलं की लाटा परत सुरू. घाबरलं, संतापलं, श्वास कोंडला की पुन्हा बंद. प्रयोगातली ही अडचण होती. पण कॅननने तिच्याचकडे लक्ष वळवलं, आणि भीती-संतापात शरीर पचनाचं काम थांबवून रक्त स्नायूंकडे वळवतं, ‘लढा किंवा पळा’ची तयारी करतं, हा त्याचा सिद्धान्त १९१५च्या पुस्तकातून जगाला माहीत झाला. आज माणसांच्या ताणतणावावर कुठेही व्याख्यान झालं तरी त्याच्या तळाशी हार्वर्डमधलं एक चिडलेलं मांजर बसलेलं असतं.

म्हणून दिवाळीच्या चार दिवसांत मांजर पलंगाखालून बाहेर येत नाही तेव्हा त्याच्या ट्रेकडेही लक्ष ठेवायला हवं. घर बदललं, रंगकाम निघालं, पाहुणे आठ दिवस राहिले, दुसरं मांजर आणलं, तान्हं बाळ घरात आलं, तर मांजराचं आतडं ते माणसांआधी नोंदवतं. आणि मांजराला शी रोखून धरता येते. ट्रे घाण असेल, वॉशिंग मशीनला खेटून ठेवलेला असेल आणि मशीन अवचित थरथरलं असेल, तिकडे जाणारी वाट दुसरं मांजर अडवून बसलं असेल, तर ते आत जाणं टाळतं. ‘नंतर बघू’ म्हणत मळ आत ठेवतं, आणि भिंत आपलं काम करत राहते. पशुवैद्य सांगतात की मांजरं जितकी, त्यापेक्षा ट्रे एक जास्त हवा. वन-बीएचकेमध्ये हे ऐकून हसू येतं, पण दोन मांजरांना एकच ट्रे ही बऱ्याच दुखण्यांची सुरुवात असते. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावा, म्हणजे त्याला आत नीट वळता येतं.

म्हाताऱ्या मांजराचं आणखी एक आहे. अमेरिकेत बारा वर्षांवरच्या शंभर मांजरांचे एक्स-रे तपासले, तेव्हा नव्वदांच्या सांध्यांत झीज दिसली. हे संशोधन २००२चं. मांजर लंगडत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. उंच कडेच्या ट्रेमध्ये पाय टाकणं, उकिडवं बसून तोल सांभाळणं, कुंथणं, हे सगळं दुखऱ्या कंबरेने करायचं असतं. त्यातच उतारवयात मूत्रपिंडं थकतात, शू पातळ आणि जास्त होऊ लागते, शरीर कोरडं पडतं, आणि ती तूट मोठं आतडं मळातून भरून काढतं. वय, वाढलेलं वजन आणि मूत्रपिंडाचा आजार हे तिन्ही खडा होणाऱ्या मांजरांमध्ये पुन्हा पुन्हा भेटतात. ट्रेची पुढची कड कापून चार बोटं खाली आणली तरी अशा मांजराचं निम्मं काम होतं.

पुढचं सांगण्याआधी एक धोक्याची सूचना, कारण इथे चूक झाली तर मांजर दगावतं. मांजर ट्रेमध्ये बसून कुंथतंय एवढं पाहून ‘पोट साफ होत नाही’ असा निष्कर्ष काढू नये. बोक्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते, आणि तीत खडे-चिकटा अडकून शू तुंबली की तोही असाच बसतो, असाच कुंथतो, तसाच ओरडतो. ही तुंबलेली शू एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकते. म्हणून आधी लिटरमध्ये ओला गोळा झाला आहे का ते पाहावं. नसेल, किंवा नक्की सांगता येत नसेल, तर रात्र असली तरी व्हेटकडे निघावं. दुसरी फसगत उलटी. कडक मळाच्या बाजूबाजूने थोडं पातळ, चिकट पाणी बाहेर पडतं आणि घरच्यांना वाटतं जुलाब झाले. जुलाबाचं औषध दिलं की आतडं आणखी शांत होतं आणि खडा आणखी पक्का.

किती दिवस वाट पाहावी? बहुतेक मांजरं रोज किंवा दिवसाआड शी करतात. अठ्ठेचाळीस तास उलटले, मांजर कुंथतंय, उलट्या करतंय किंवा जेवत नाही, तर थांबू नये. मांजराला उपास मानवत नाही. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर शरीरातली चरबी यकृतात साचून यकृतच निकामी व्हायला लागतं, आणि मग शीचा प्रश्न बाजूलाच राहतो.

आता उपायांकडे. त्यांच्याकडे एकाच नजरेने पाहता येतं: भिंतीने पाणी शोषून घेण्याच्या आत मळात पाणी टिकवायचं कसं, किंवा मळ लवकर पुढे सरकवायचा कसा. सगळ्या औषधांची धडपड या दोनांतल्या एका गोष्टीसाठी असते.

सर्वांत साधी गोष्ट म्हणजे जेवणातच पाणी घालणं. वेट फूडमध्ये आणखी दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवलं तर बहुतेक मांजरं तक्रार करत नाहीत. घरी चिकन उकडलं तर त्याचं पाणी बाजूला काढावं, पण मसाला पडण्याआधी. कांदा-लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, त्यामुळे रश्शाची वाटी मांजराला चाटू देणं हा लाड अंगाशी येतो. पाण्याची भांडी पसरट असावीत, दोन-तीन ठिकाणी असावीत, आणि ट्रेपासून लांब.

मग तंतुमय पदार्थ. इथे एक गंमत आहे. मांजर अस्सल मांसाहारी, त्याला भाजीपाल्याशी घेणं-देणं नाही. तरी रानात त्याच्या जेवणात तंतू असतातच: उंदराचे केस, कूर्चा, हाडांचे बारीक तुकडे, पिसं. पचत नाही ते सगळं मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथल्या जिवाणूंना काम देतं. बेल्जियमच्या संशोधकांनी बंदिवासातल्या चित्त्यांना एकदा हाडांशिवायचं गोमांस आणि एकदा केसांसकट आख्खा ससा देऊन तुलना केली, तेव्हा सशावर असताना आतड्यात सडण्यातून होणारी द्रव्यं कमी आढळली. घरच्या मांजराला ससा कोण देणार? पण आपल्या स्वयंपाकघराच्या कपाटात इसबगोल असतो. त्याच्या भुशीचा पाण्यात बुळबुळीत लगदा होतो आणि तो लगदा पाणी सोडत नाही. भिंत कितीही ओढो, त्यातलं बरंचसं पाणी मळाबरोबरच बाहेर जातं. साधा, बिनचवीचा इसबगोल चिमूटभर घ्यावा, भरपूर पाण्यात फुगू द्यावा आणि वेट फूडमध्ये मिसळावा. कोरडाच भुरभुरला तर तो आतड्यातलं उरलंसुरलं पाणी आपल्याकडे घेतो आणि खडा वाढतो. लाल भोपळा वाफवून, कुस्करून चमचाभर दिला तरी चालतो. मात्र ज्या मांजराचं आतडं आधीच ताणून सैल पडलं आहे, त्याला तंतू जास्त दिले की मळाचा ढीग वाढतो आणि ढकलायला जोर नसतो. अशा मांजरांना व्हेट उलट कमीत कमी चोथा उरेल असं अन्न देतात. म्हणजे एकाचं औषध दुसऱ्याचा अपाय.

लॅक्टुलोजचं सिरप माणसांच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही सर्रास असतं. ही एक साखर आहे, गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी, पण ही जोडी फोडायचं साधन लहान आतड्यापाशी नाही. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात जाते, तिथे जिवाणू तिची आम्लं करतात, आणि साखर व आम्लं मिळून पाणी धरून ठेवतात. भिंतीचीच युक्ती भिंतीवर उलटवलेली. सिरप अतिशय गोड. पण मांजराला गोड चव लागतच नाही. गोडीचा ग्राहक बनवायला दोन जनुकं लागतात, आणि मांजराच्या वंशात त्यांतलं एक केव्हाच मोडून पडलं आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी २००५मध्ये हे दाखवलं, आणि वाघ व चित्त्यातही तोच मोडका तुकडा सापडला. त्यामुळे आपण कौतुकाने ‘घे, गोड आहे’ म्हणत पिचकारी पुढे करतो, तेव्हा मांजराच्या तोंडात जातो तो फक्त चिकट, निरर्थक पाक. त्यानंतरचा त्याचा चेहरा रास्तच असतो. पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पूड पाणी धरून ठेवण्याचं हेच काम करते, आणि तिला चव नसल्याने जेवणात लपवता येते. दोन्हींची मात्रा व्हेटच ठरवतो.

आतड्याला ढकलायला लावणारं औषध म्हणजे सिसाप्राइड. माणसांच्या हृदयाच्या ठोक्यांत गडबड करतं म्हणून अमेरिकेत २०००मध्ये ते बाजारातून गेलं, भारतातही २०११मध्ये माणसांसाठी त्यावर बंदी आली. मांजरांच्या मोठ्या आतड्यावर मात्र ते छान चालतं, म्हणून अमेरिकेत काही औषधालयं आजही ते खास मांजरांसाठी बनवून देतात. माणसांच्या दुकानातून हद्दपार झालेलं औषध मांजरांच्या आश्रयाने टिकून राहिलं आहे.

आणि काय देऊ नये. एरंडेल घरात असतं म्हणून मांजराला पाजू नये. लिक्विड पॅराफिन तर त्याहून वाईट: त्याला चव नाही, वास नाही, त्यामुळे मांजराला ते गिळायचं आहे हे कळतच नाही, थोडं श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला कायमची इजा करतं. दूध पाजून पोट ‘मोकळं’ करायची जुनी पद्धत आहे. बऱ्याच मोठ्या मांजरांना दुधातली साखर पचत नाही, म्हणून दूध दिल्यावर कधी कधी खरंच पोट मोकळं होतं, पण ते जुलाबाच्या रूपाने, आणि शरीर आणखी कोरडं करून. मेडिकलमध्ये मिळणारा सोडियम फॉस्फेटचा एनिमा मांजराला कधीही देऊ नये. मोठ्या आतड्याची तीच हावरी भिंत त्यातलं फॉस्फेटही ओढून घेते, रक्तातलं कॅल्शियम कोसळतं, झटके येतात आणि मांजर हातचं जाऊ शकतं. पाणी शोषायला बनलेल्या भिंतीला विष आणि पाणी यांतला फरक करता येत नाही.

व्हेटकडे गेल्यावर पोट चाचपून बहुतेकदा लगेच कळतं: बोटांखाली कडक, सलग मळ लागतो. एक्स-रेमध्ये तो पांढराफटक दिसतो, अगदी हाडाशी स्पर्धा करावी इतका, आणि तिथे एक सुंदर मोजमाप आहे. मोठ्या आतड्याची सर्वांत जास्त रुंदी त्याच मांजराच्या कमरेच्या पाचव्या मणक्याच्या लांबीशी ताडून पाहतात. मांजर लहान असो, मोठं असो, पट्टी त्याच्या अंगातच आहे. रुंदी मणक्याच्या १.४८ पटीहून जास्त भरली तर आतडं नुसतं भरलेलं नसून कायमचं ताणलं गेल्याचा, म्हणजे मेगाकोलनचा, दाट संशय घेतात. गाडीखाली येऊन किंवा गॅलरीतून पडून कमरेचं हाड मोडलेलं असेल आणि ते वेडंवाकडं जुळलं असेल, तर मळ जायची वाटच अरुंद झालेली असते. शेपूट नसलेल्या मँक्स जातीत पाठीच्या कण्याचं शेवटचं टोकच नीट घडलेलं नसतं. पण बहुतांश मांजरांत कारण सापडत नाही. स्नायू आहेत, नसा आहेत, आणि तरी आतडं दाबत नाही. काय आधी घडतं, ताण आधी की थकवा आधी, याचा गुंता सुटलेला नाही.

अशा वेळी आधी शिरेतून किंवा कातडीखालून सलाइन, मग कोमट पाण्याचा एनिमा, आणि तरी हलेना तर भूल देऊन हाताने मळ काढतात. हे पुन्हा पुन्हा करावं लागलं, औषधांनी भागेना, तर शेवटचा मार्ग शस्त्रक्रियेचा: मोठं आतडं जवळजवळ सगळं कापून टाकायचं आणि उरलेली टोकं जोडायची. ऐकून अंगावर काटा येतो. माणसात किंवा कुत्र्यात इतकं कापलं तर पुढचं आयुष्य जुलाबांत जायची भीती. मांजराचं सुरुवातीला तसंच होतं, दिवसातून पाच-सहा वेळा पाण्यासारखी शी. मग काही आठवड्यांत ती दाटू लागते. बहुतेक मांजरं पुढे दिवसाला दोन-तीन वेळा, मऊ पण बांधलेली शी करत वर्षानुवर्षं मजेत जगतात. मोठं आतडं गेल्यावर लहान आतड्याचा शेवटचा भाग पाणी शोषायचं काम शिकतो.